धर्माच्या रकान्यात मराठी

(दुर्ग, छत्तीसगढमधील पद्मनाभपुर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानाचा विषय मीच सुचवला, आणि त्याचे मूळ गुरुजींच्या वर्गात आहे. गुरुजी आम्हाला भूगोल शिकवत. फळ्यावर खडूने आफ्रिकेचा नकाशा काढायचे, त्याच्या उजव्या अंगाला मादागास्कर, आणि मादागास्करच्याही पलीकडे एक ठिपका. त्या ठिपक्यावर खडू टेकवून म्हणायचे, "हे मॉरिशस. इथे आपली माणसं आहेत." एवढे बोलून पुढे जायचे. ती माणसे कोण, कशी गेली, गेल्यावर त्यांचे काय झाले, हे विचारायचे राहूनच गेले. पुढे समाजशास्त्र शिकवता शिकवता मी त्या ठिपक्याकडे पुन्हा वळले, दोनदा तिथे जाऊन आले. गुरुजींना जे विचारायचे राहिले, ते आज त्यांच्या नावाने चालणाऱ्या मालेत सांगते आहे.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. रॉड्रिग्ज आणि बाकीची छोटी बेटे धरून मॉरिशसचे क्षेत्रफळ २,०४० चौरस किलोमीटर. बालोद आणि बेमेतरा वेगळे झाल्यावर आपला दुर्ग जिल्हा जेवढा उरला, त्याहून ते थोडे लहानच भरेल. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत १२ लाख ३५ हजारांच्या आसपास. आपल्या दुर्ग-भिलाई जोडशहराची लोकसंख्या २०११ सालीच साडेदहा लाखांच्या वर गेली होती. म्हणजे जिल्ह्याएवढी जमीन आणि जोडशहराहून थोडी जास्त माणसे. पण त्यांचा झेंडा स्वतःचा, रुपया स्वतःचा, संसद स्वतःची आणि संयुक्त राष्ट्रांत एक जागा.

या बेटावर मूळचे कोणीच नाही. डच १५९८ मध्ये उतरले तेव्हा तिथे डोडो पक्षी होता, कासवे होती, आबनुसाची जंगले होती, माणूस नव्हता. डचांनी १६३८ पासून वस्ती करून पाहिली आणि १७१० मध्ये ते निघून गेले. तोवर डोडो संपला होता. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी मादागास्करहून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम आणले, ऊस लावला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले, पण फ्रेंच जमीनदार, त्यांचे कायदे आणि त्यांची भाषा जागच्या जागी राहिली. गुलामांच्या आणि मालकांच्या बोलण्यातून क्रियोल भाषा तयार झाली. तीच आज सगळ्या बेटाची बोली आहे. तेव्हा 'भूमिपुत्र' हा शब्द तिथे कोणालाही लावता येत नाही. प्रत्येक घराच्या गोष्टीत एक जहाज आहे.

आपल्या माणसांचे जहाज केव्हा लागले ते पाहू. १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. पण मळेवाल्यांनी पर्याय आधीच शोधून ठेवला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात आले. पाच वर्षांचा करार, ठरलेली मजुरी, शिधा. हे मजूर होते छोटा नागपूरच्या डोंगरांतले. त्या काळच्या कागदांत अशा मजुरांना 'धनगर' म्हटलेले सापडते. मराठी वाचक तिथे चमकतो. पण हे मेंढ्या राखणारे आपले धनगर नव्हेत, ओरांवांसारख्या आदिवासी समाजांना मजूर गोळा करणाऱ्यांनी लावलेले ते नाव होते. जशपूर-सरगुजाच्या पलीकडे जो मुलूख सुरू होतो, तिथली ही माणसे. मॉरिशसच्या पहिल्या करारी हिंदी मजुरांचा शोध घ्यायचा तर मुंबईआधी आपल्या या शेजाराकडे पाहावे लागते, हे इथे बसलेल्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मजुरांच्या या व्यापारात एवढी फसवणूक झाली की तीन-चार वर्षांतच सरकारला तो बंद करावा लागला. १८४२ मध्ये तो नव्या नियमांनी पुन्हा सुरू झाला आणि या वेळी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशी तिन्ही बंदरे मोकळी झाली. मुंबईहून जे गेले त्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे कोकणी पुष्कळ होते, घाटावरचेही होते. एकूण साडेचार लाखांवर माणसे या बेटावर उतरवली गेली: पुरुष सुमारे ३ लाख ४६ हजार, बाया १ लाख ५ हजार. ढोबळ मानाने शंभरातली साठ कलकत्त्याहून, तेहतीस मद्रासहून आणि जेमतेम सात मुंबईहून. हा सातचा आकडा ध्यानात ठेवा, पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर जी दगडी इमारत आहे तिला आता आप्रवासी घाट म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोने तिची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. मी तिथे उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात भव्य काही आले नाही. नळ, मोऱ्या, शौचकूप, आजाऱ्यांची खोली, कारकुनाची खोली असा तो सगळा व्यवहार. माणूस धक्क्यावरून वर आला की त्याला धुवायचे, तपासायचे, क्रमांक द्यायचा, मळ्यावर पाठवायचे.

ती नोंदपुस्तके आज मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण. पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा. कारकून इंग्रज किंवा फ्रेंच, सांगणारा मराठी. आडनावाचा रकानाच नव्हता, म्हणून आडनाव नाही. पुढच्या पिढीत बापाचे किंवा आज्याचे पाळण्यातले नाव घराण्याचे आडनाव झाले, तेही फ्रेंच वळणाने लिहिलेले. परब, साळवी, सावंत अशी जी असतील ती बहुतेक त्या टेबलापाशी गळाली. आजा ज्या एका नावाने धक्क्यावर उभा राहिला, ते एक नाव आज पन्नास-साठ माणसांचे कूळ झाले आहे. मला यात दुःखाइतकाच एक दिलासाही वाटतो. कारण त्या पुस्तकात गाव लिहिलेले आहे. पणतू-खापरपणतू ते पान काढून घेतात, गावाचे नाव फ्रेंच उच्चारातून सोडवतात आणि रत्नागिरी जिल्ह्यात येऊन वाडी शोधतात. काहींना ती सापडते.

मळ्यावरचे जिणे मी थोडक्यात सांगते. मजुरी महिन्याला पाच रुपयांच्या घरात, आणि एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची कापली जाई. करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला पास जवळ बाळगावा लागे. नसला तर भटक्या म्हणून अटक. १८६७ च्या आगेमागे हिवतापाच्या साथीत हजारो गेले. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका युरोपियन माणसाने जुन्या मजुरांच्या नऊ हजारांवर सह्या-अंगठे गोळा करून गव्हर्नरकडे अर्ज दिला, त्यावरून शाही चौकशी बसली. मळेवाल्यांनी त्याला भर रस्त्यात मारहाण केली. एका गोऱ्या माणसाने हे आपल्यासाठी केले, याची आठवण तिथे अजून ठेवतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला साखरेचा भाव पडला तसे मळेवाले कडेच्या जमिनी तुकडे करून विकू लागले. मजुरांनी पैसा-पैसा साठवून त्या घेतल्या. गाव, देऊळ, पंचायत ही सगळी त्या तुकड्यांवर उभी राहिली. आपले लोक बेटाच्या पश्चिम आणि मध्य भागात एकवटले: कास्कावेल, बांबू, वाक्वा, हेन्रिएटा, कात्र बोर्न.

गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना तिथे उतरले आणि मुलांना शिकवा, राजकारणात उतरा, असे सांगून गेले. पुढे १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले, त्यांनी 'हिंदुस्थानी' हे पत्र काढले. माझ्या आजच्या विषयाला त्याहून जवळची गोष्ट म्हणजे बैठका. आपली बैठक ती तिथली बैठका. गावात एक गवताचे छप्पर, संध्याकाळी ऊस तोडून आलेली माणसे आणि मुले तिथे जमत, कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवत, पोथी ऐकत. १९४८ मध्ये नवी घटना आली तिने सांगितले की ज्याला आपापल्या भाषेत साधे वाक्य लिहिता-वाचता येते त्याला मत. त्याआधी मतदार होते बारा हजारांच्या आत. बासदेव बिसुनदयाल आणि त्यांच्या जनआंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव बैठकांतून माणसांना नाव लिहायला शिकवले, आणि १९४८ च्या यादीत सत्तर हजारांवर नावे चढली. आपली लिपी येणे म्हणजे मत असणे. आपल्याकडे मातृभाषेचे महत्त्व सांगताना आपण बहुधा भावनेने बोलतो. तिथल्या त्या पिढीला ते महत्त्व मतपेटीपाशी कळले.

लोकसंख्येविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय या बेटाचा समाज कळणार नाही. चाळीसच्या दशकाच्या शेवटी डीडीटी फवारून हिवताप हटवला गेला. मृत्यू एकदम खाली आले, जन्म तेवढेच राहिले. १९५२ मध्ये पाच लाख असलेली वस्ती १९६२ मध्ये पावणेसात लाखांच्या पुढे गेली. जमीन तेवढीच, पीक एकच. ब्रिटिश सरकारने दोन नामवंत अभ्यासक पाठवले, अर्थशास्त्रासाठी जेम्स मीड आणि समाजधोरणासाठी रिचर्ड टिटमस. दोघांचे अहवाल १९६१ मध्ये आले आणि दोन्हींचे म्हणणे काळजीचे होते. मीड पुढे नोबेलचे मानकरी झाले. त्यांना या बेटाचे भवितव्य अंधारेच दिसले. माझे विद्यार्थी हे अहवाल वाचून विचारायचे, मग मॉरिशस बुडाले का नाही? ते बुडाले नाही याला अनेक कारणे आहेत, पण मी बायांपासून सुरू करते. कुटुंबनियोजन संस्था १९५७ मध्येच निघाली होती. कॅथलिक चर्चला कृत्रिम साधने नको होती, तर त्यांच्यातल्या लोकांनी नैसर्गिक पद्धत शिकवणारी वेगळी संस्था १९६३ मध्ये काढली, आणि सरकारने दोघांनाही हात दिला. १९७० मध्ये निर्यात कारखान्यांचा कायदा झाला, कापड आणि लोकरी कपड्यांचे कारखाने आले, गावातल्या मुली बसने कारखान्यात जाऊ लागल्या. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला एका बाईला सरासरी सहा मुले होत, दहा-बारा वर्षांत ती तीनांवर आली. हे सगळे सक्तीशिवाय झाले. आपल्या देशात १९७५-७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे जे झाले ते आठवले म्हणजे या ओळीचे मोल कळते.

आज प्रश्न उलटा आहे. एका बाईमागे दीडही मूल नाही. २०११ आणि २०२२ या दोन जनगणनांत वस्ती वाढलीच नाही, किंचित उतरली. दर पाच-सहा माणसांत एक साठीच्या पुढचा आहे. सरसकट मिळणारे म्हातारपणाचे निवृत्तिवेतन साठऐवजी पासष्टाव्या वर्षी द्यायचे असे २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. आणि कारखान्यांत आता बांगलादेश, मादागास्कर, नेपाळ आणि भारतातूनही कामगार येतात, ठरावीक वर्षांच्या करारावर. आप्रवासी घाटापासून थोड्या अंतरावर मी त्यांचा घोळका पाहिला. फोनवर घरी बोलत होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या समाजात माणूस मोजतात कसा?

१२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्य सगळ्यांना हवे होते असे नाही. १९६७ च्या निवडणुकीत चव्वेचाळीस टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधात पडली, कारण अल्पसंख्याकांना हिंदू बहुमताची भीती वाटत होती. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी पोर्ट लुईत दंगल झाली, लष्कर आणावे लागले. त्या भीतीवर उतारा म्हणून राज्यघटनेत चार समाज लिहिले गेले: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि उरलेले ते 'सर्वसाधारण'. निवडून आलेले बासष्ट, आणि ज्या समाजाचे प्रतिनिधी कमी पडतील त्यांच्यातल्या पराभूत उमेदवारांना मिळून आणखी आठपर्यंत जागा. हा हिशोब आजही १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण १९८२ मध्ये जनगणनेतून समाजाचा प्रश्न काढून टाकला गेला. पन्नास वर्षांपूर्वीची माणसे मोजून आजच्या जागा वाटल्या जातात. जो उमेदवार आपला समाज सांगायला नकार देई त्याचा अर्ज बाद होई. यावर काही नागरिक संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले आणि २०१२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. व्यवस्था पूर्ण बदललेली नाही. १९९९ मध्ये काया नावाचा लोकप्रिय क्रियोल गायक पोलीस कोठडीत मेला तेव्हा बेट तीन-चार दिवस पेटले होते. तेव्हा ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पण इतक्या लहान जागेत, इतक्या निरनिराळ्या लोकांनी, सत्ता मतपेटीतून वारंवार बदलत ठेवली आहे, हेही खरे आहे.

घटनेतल्या चार समाजांत मराठी माणूस हिंदूंत मोजला जातो. पण जनगणनेत धर्माचा वेगळा प्रश्न आहे, आणि तिथे जी उत्तरे येतात त्यांत हिंदू, तमिळ, तेलुगू आणि मराठी ही वेगवेगळी नोंदली जातात. धर्म कोणता? मराठी. मी तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा छपाईची चूक वाटली. मग तिथल्या एका शिक्षिकेला विचारले. ती म्हणाली, "ताई, आमच्या घरात मराठी बोलत नाही. मग मराठी कशात लिहायची? आम्ही देवात लिहितो."

हे उत्तर पुढे कित्येक महिने माझ्या डोक्यात राहिले.

पाहा, शंभरातले सात. ऊसमळ्यावर मुकादम आणि मजूर भोजपुरी बोलत, म्हणून मराठी आणि तमिळ मजूरही ती शिकले. एका-दोन पिढ्यांत घरातली मराठी भोजपुरीत मिसळली. पुढे भोजपुरीसुद्धा क्रियोलपुढे टिकली नाही. घरी क्रियोल बोलणारे २००० मध्ये सत्तर टक्के होते, २०११ मध्ये चौऱ्याऐंशी, आता नव्वदच्या घरात. भोजपुरी २००० मध्ये बारा टक्के, २०११ मध्ये पाच. साठ टक्क्यांनी आलेल्यांच्या भाषेची ही गत, तर साताची काय सांगावी. मराठी मातृभाषा म्हणून तिथून बहुतेक गेली.

पण मराठी माणूस गेला नाही. प्राथमिक शाळेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मंदारिन यांच्याबरोबर मराठी हा ऐच्छिक विषय आहे. सरकारी पगारावर मराठीचे शिक्षक आहेत. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे, तिथे पदवीपर्यंत शिकता येते. दूरचित्रवाणीवर मराठी कार्यक्रम आहेत, सरकार भरवते त्या नाट्यमहोत्सवांत मराठीचाही एक असतो. मराठी मंडळी फेडरेशन देवळांचा कारभार पाहते आणि धर्मसंस्थांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानात तिचा वाटा असतो. आता कळते की धर्माच्या रकान्यात मराठी का लिहायची. जो रकान्यात आहे त्याला शाळेत तास मिळतो, देवळाला पैसा मिळतो, पडद्यावर अर्धा तास मिळतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला, देवेंद्र फडणवीस आणि तिथले तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ अनावरणाला होते. पुतळ्याचे फोटो आपल्याकडे सगळ्यांनी पाहिले. शाळेतल्या त्या तासाचा फोटो कोणी काढत नाही, आणि माझ्या दृष्टीने खरे काम तिथे चालते.

रकान्याची किंमतही मोजावी लागते. तुम्ही मराठी आहात हे दर वेळी कुठेतरी सिद्ध करावे लागते, आणि मग शेजारचा तेलुगू, तमिळ हाही आपापला रकाना सांभाळत बसतो. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ आणि हिंदी मजकुराचा क्रम उलटा झाला म्हणून एवढा गदारोळ उठला की नोटा परत घ्याव्या लागल्या. लहान घरात भांडी लवकर वाजतात.

गणपतीविषयी मात्र मोकळ्या मनाने सांगते. गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. सार्वजनिक रीतीने तो पहिल्यांदा १८९६ मध्ये हेन्रिएटात बसला, असे तिथे सांगतात. लोकमान्यांनी पुण्यात चळवळ उभी करून फार तर तीन वर्षे झाली होती. मी कास्कावेलजवळच्या एका गावात चतुर्थीला होते. अंगणात पोरे फेर धरून नाचत होती, पायांत चाळ, मधे मृदंग आणि झांज. ते त्याला झाकरी म्हणतात. रत्नागिरीची जाखडी! एकशे सत्तर वर्षे आणि चार-साडेचार हजार किलोमीटर पाणी ओलांडून उच्चार एवढाच सरकला होता. गोंधळही तिथे अजून घालतात. म्होरक्या पोराच्या हातात वही होती, गाणी रोमन अक्षरांत, फ्रेंच वळणाने लिहिलेली. नाच संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि एका शब्दावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" मी तो दोन-तीनदा वाचला. व्हाळ. मी वर्ध्याकडची, जन्म भिलाईचा. मला येईना. सावंतवाडीच्या मैत्रिणीला फोन लावला. ती हसून म्हणाली, "अगो, व्हाळ म्हणजे ओढा गो." पोराने वहीत शब्दापुढे क्रियोलमध्ये अर्थ लिहून घेतला. तो शब्द त्याच्या पणज्याला येत होता, मला येत नव्हता, आणि त्याने तो मिळवला. तेव्हापासून मी 'मराठी टिकली' आणि 'मराठी गेली' असे दोन कप्पे करायचे सोडले. तिसरी एक गोष्ट असते. गेलेली भाषा शिकून परत आणता येते, आणि जो शिकून आणतो त्याचा तिच्यावरचा हक्क जन्माने मिळालेल्याच्या हक्काहून कमी नसतो. मला आज एवढेच सांगायचे होते.

आणि हे मी पद्मनाभपुरात सांगते आहे, कारण आपण त्या वाटेवर कुठेतरी मधे आहोत. छत्तीसगढात मराठी माणूस बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून, अठराव्या शतकापासून आहे. १९५६ पर्यंत आपण आणि नागपूर एकाच प्रांतात होतो, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला रेघ मधून गेली. मग भिलाईचा पोलाद कारखाना आला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रबाबूंनी पहिल्या धमनभट्टीचे उद्घाटन केले, त्याच वर्षी माझे वडील वर्ध्याहून ट्रंक घेऊन आले. मळ्यावरचा मजूर आणि पोलाद कारखान्यातला कामगार यांची तुलना मी करणार नाही. वडील मर्जीने आले, पगार मिळाला, क्वार्टर मिळाले, मान मिळाला. सारखे आहे ते एवढेच की सेक्टरमध्ये शेजारी तेलुगू, मल्याळी, बंगाली, ओडिया, पंजाबी. सगळ्यांची मिळून हिंदी, बाजारात छत्तीसगढी, आणि घराच्या आत आपापले.

आपल्या मुलखातल्या मराठी माणसाकडून हिंदीला काय मिळाले ते दोन नावांनी सांगता येते. माधवराव सप्र्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले, 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले. आणि गजानन माधव मुक्तिबोध, इथून तीस किलोमीटरवर राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून शिकवत होते. हिंदी कवितेतला एवढा मोठा माणूस, घरची भाषा मराठी. त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले मोठे कवी. एकाच आईची दोन मुले, दोन भाषांत. मला यात गमावल्यासारखे काही वाटत नाही. पण या भावांना दोन्ही भाषा येत होत्या, निवड त्यांनी केली. माझ्या नातवंडांपुढे निवडच नाही. मुलांना शाळेत मराठी हा विषय नव्हता, घरी मी बोलायची आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. नातवंडांना 'आजी' येते, 'जेवायला ये' कळते, त्यापुढे नाही. हा दोष मी माझ्याकडे घेते. मला वाटले होते भाषा घरात आहे म्हणजे आहे. मॉरिशसच्या शिक्षिकेला असे वाटण्याची सोय नव्हती, म्हणून तिने वर्ग भरवला.

इथे राजनांदगावच्या विसर्जनाच्या झांक्या पाहायला सगळा मुलूख लोटतो. आपल्या मंडळाचा गणपतीही दरवर्षी बसतो. यंदा त्या दहा दिवसांत रोज संध्याकाळी एक तास मुलांसाठी मराठीचा वर्ग ठेवायचा असे कार्यकर्त्यांशी बोलून ठरले आहे. लिपी त्यांना हिंदीमुळे येते, अर्धे काम झालेलेच आहे. शिकवायला मी आहे, आणखी चौघे लागतील.

दुसरे म्हणजे, मागच्या टेबलावर एक जाड वही ठेवली आहे. मोकाच्या नोंदपुस्तकावरून मी रकाने आखले आहेत: नाव, बापाचे नाव, आईचे नाव, गाव, तालुका, इथे कोणत्या साली आलात, कोणत्या कामाला, पहिले क्वार्टर कोणते. आडनावाचा रकाना आहे. शेवटचा रकाना घरात आज काय बोलतात त्याचा. पहिले पान वडिलांचे मी भरले आहे. चहा मागेच आहे. पेन दोन ठेवली आहेत, आणि ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी आहे त्यांनी वही दोन दिवस घरी नेली तरी चालेल.